नेपाळच्या मुलांसाठी जायचंय? जरा थांबा

२०२३ च्या ३ नोव्हेंबरला, रात्री बारा वाजायला आले असताना, पश्चिम नेपाळमधला जाजरकोट जिल्हा भूकंपाने हादरला. दीडशेहून अधिक माणसं गेली. त्यांत निम्म्याच्या आसपास मुलं होती. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मला तीन फोन आले आणि तिघींचं म्हणणं साधारण एकच होतं. दिवाळीची सुट्टी तोंडावर आलीय, आठ-दहा दिवस मोकळे आहेत, मुलांमध्ये रमायला आवडतं, तिकडे जाऊन काही करता येईल का? मी तिघींनाही सांगितलं, दिवाळीत जाऊ नका. एकीला रागच आला. "पण ताई, गरज तर आत्ताच आहे ना?"

गरज आत्ताच असते, पण ती तुमची-माझी नसते. पहिल्या पंधरवड्यात डोंगरातल्या गावाला ताडपत्री, पांघरुणं, औषधं, पिण्याचं पाणी आणि दरड हटवणारी माणसं लागतात. तिथे उतरलेला प्रत्येक पाहुणा जीपमधली एक जागा, एक पांघरूण आणि एक ताट अडवतो. हे आपल्याला नवं नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपानंतर किल्लारीच्या वाटेवर बघ्यांची किती गर्दी उसळली आणि जुन्या कपड्यांचे कसे ढीग पडले, हे मराठवाड्यातल्या माणसांना अजून आठवतं. त्याच किल्लारीनंतर मुलांसाठी जी कामं खरोखर उभी राहिली ती लांब पल्ल्याची होती. भारतीय जैन संघटनेने बाराशे मुलांना पुण्याजवळ वाघोलीला आणून त्यांच्या शिक्षणाची जबाबदारी घेतली, पन्नालाल सुराणांनी नळदुर्गला 'आपलं घर' उभं केलं. आठवड्याची सुट्टी काढून यातलं काहीच झालं नसतं.

हे शहाणपण मीही घरून घेऊन गेले नव्हते. नेपाळच्या २०१५ च्या भूकंपानंतर, मे महिन्यात माझी पिशवी भरून तयार होती. ज्या संस्थेशी बोलणं चाललं होतं तिथल्या बाईंनी शांतपणे विचारलं, "आपण किती दिवस राहणार? आणि आपण गेल्यावर तो वर्ग कोण घेणार?" पहिल्या प्रश्नाला माझ्याकडे अर्धं उत्तर होतं, दुसऱ्याला मुळीच नव्हतं. शेवटी मी गेले ती २०१६ च्या जानेवारीत. दहा आठवडे राहिले, सिंधुपाल्चोक जिल्ह्यातल्या एका शाळेत. जाण्याआधी हे दोन प्रश्न स्वतःला विचारा, बाकीचा लेख नंतर वाचला तरी चालेल.

तर २०१५ चा भूकंप. २५ एप्रिल, दुपारी बाराला चार मिनिटं कमी, ७.८ तीव्रतेचा, केंद्र गोरखा जिल्ह्यातल्या बारपाकजवळ. मृत्यू नऊ हजारांच्या घरात. त्या दिवशी शनिवार होता आणि नेपाळमध्ये साप्ताहिक सुट्टी शनिवारी असते. पस्तीस हजारांच्या आसपास वर्गखोल्या पडल्या किंवा निकामी झाल्या. त्या रिकाम्या होत्या म्हणून, नाहीतर पुढचं बोलवत नाही. मग १२ मेला ७.३ चा दुसरा मोठा धक्का बसला. जेमतेम घरात झोपायला लागलेली माणसं पुन्हा अंगणात आली. शाळा ३१ मेला उघडल्या, त्याही बांबू, ताडपत्री आणि पत्र्याच्या. पत्र्याला तिकडे जस्तापाता म्हणतात. पावसाळ्यात त्या जस्तापात्यावर सर कोसळली की बाईंचा आवाज पहिल्या बाकापर्यंतही पोचत नाही, असं शिक्षक सांगायचे. शिकवणं थांबायचं, मुलं छताकडे बघत बसायची.

मी गेले तेव्हा पाऊस नव्हता, थंडी होती. तिसऱ्या-चौथ्या दिवशीची गोष्ट. मधल्या सुट्टीत दुसरीतल्या पाच-सहा पोरांनी एक बाक धरला आणि गदागदा हलवायला सुरुवात केली. "भुइँचालो आयो, भुइँचालो आयो!" दोघं मुद्दाम खाली पडली. एका मुलीने त्यांच्या अंगावर दप्तरं रचली. दुसरीने ती एकेक करून उचलली आणि पडलेल्यांना ओढून बाहेर काढलं. मग सगळी खो-खो हसली आणि पुन्हा बाक धरला. माझ्या पोटात गोळा आला. मी हा खेळ थांबवायला उठले. शेजारी त्यांच्या वर्गबाई स्वेटर विणत बसल्या होत्या. त्यांनी सुईवरची नजरही न काढता म्हटलं, "खेल्न दिनुस् न." खेळू द्या हो.

त्यांचं बरोबर होतं. भूकंप पाहिलेली मुलं भूकंपच खेळतात. भुई चालली, म्हणून भुइँचालो. आपलाच शब्द वाटतो. त्या खेळात दप्तरांखालून बाहेर काढणारं कुणीतरी आहे, तोवर काळजी करू नका. काळजी कधी करायची? एकच मूल दिवसेंदिवस कोपऱ्यात बसतं, कुणातच मिसळत नाही. खेळात सुटका कधीच होत नाही, नुसतं गाडलं जाणंच चालू राहतं. किंवा कित्येक आठवडे उलटले तरी झोप आणि जेवण ताळ्यावर येत नाही, तेव्हा. तेव्हाही काय करायचं? स्वतः उपचार करायचे नाहीत. वर्गशिक्षकांना सांगायचं, आणि त्यांनी व संस्थेने मिळून समुपदेशकाकडे न्यायचं. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ साली मानसिक प्रथमोपचाराची एक पुस्तिका काढली. तिचं सगळं सार तीन क्रियापदांत आहे: बघा, ऐका, जोडून द्या. त्यात 'बोलतं करा' नाही, हे नीट लक्षात ठेवा. "त्या दिवशी काय झालं ते सांग बरं" असं मुलाला विचारायचं नाही. "भूकंपाचं चित्र काढा" असा विषय द्यायचा नाही. कागद आणि रंग ठेवायचे, ज्याला जे काढायचं ते काढू द्यायचं. माझ्या वर्गात भूकंपानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात सर्वांत जास्त चित्रं निघाली ती बकऱ्यांची.

'पेट दुख्यो' आणि 'टाउको दुख्यो' हे दोन शब्द मात्र पाठ करून जा. पोट दुखतंय, डोकं दुखतंय. लहान मुलाला भीती वाटते हे त्याला सांगता येत नाही, पण पोट दुखतंय हे येतं. आकाशात हेलिकॉप्टर घरघरलं किंवा शेजारून मोठा ट्रक गेला, की पाच मिनिटांत दोघातिघांचं पोट दुखायचं. त्यावर औषध नको असतं. जवळ बसायचं, पाणी द्यायचं, हातात गट्ट्याचे खडे द्यायचे. गट्टा म्हणजे आपले सागरगोटे. मी त्यात मुलींकडून रोज हरत होते.

आता अनाथाश्रमांबद्दल. इथे मी थोडी कठोर होणार आहे.

'नेपाळमधल्या अनाथ मुलांबरोबर दोन आठवडे' अशी जाहिरात तुम्हाला दिसली, तर ती बंद करा. युनिसेफने २०१५ मध्ये पुन्हा पुन्हा सांगितलं होतं, की नेपाळच्या बालगृहांत पंधरा हजारांवर मुलं आहेत आणि दर दहातल्या आठांहून अधिक मुलांची आई किंवा वडील, किंवा दोघंही, हयात आहेत. दुसरी गोष्ट अधिक बोलकी आहे. नोंद असलेली जवळजवळ नव्वद टक्के बालगृहं तेव्हाच्या पंच्याहत्तर जिल्ह्यांपैकी पाचच जिल्ह्यांत होती, जिथे पर्यटक जातात तिथे: काठमांडू, ललितपूर, भक्तपूर, चितवन आणि पोखरा ज्यात येतं तो कास्की. अनाथ मुलं काय फक्त पर्यटनस्थळी जन्मतात? हुम्लासारख्या दूरच्या जिल्ह्यांतून दलाल येतात, "मुलाला काठमांडूत इंग्रजी शाळेत घालतो" म्हणतात, गरीब आईबाप त्यासाठी कर्ज काढून पैसे देतात आणि मूल कागदावर अनाथ होऊन बसतं. मग पाहुणे येतात, कडेवर घेतात, फोटो काढतात, देणगी देतात. देणगी येत राहावी म्हणून मुलं लागत राहतात. तुमचं आमचं प्रेम या धंद्याचं भांडवल असतं.

भूकंपानंतर हा धंदा वाढेल हे नेपाळ सरकारने ओळखलं होतं. नव्या बालगृहांची नोंदणी आणि परदेशी दत्तक प्रकरणं थांबवली, आईवडील किंवा मान्य पालक बरोबर नसताना मुलांच्या प्रवासावर बंदी घातली. जून २०१५ पर्यंत किमान २४५ मुलांना तस्करांच्या हातून किंवा विनाकारण बालगृहात जाण्यापासून वाचवल्याचं युनिसेफने जाहीर केलं. हे नेपाळपुरतं नाही. २००४ च्या त्सुनामीनंतर इंडोनेशियाने आचे प्रांतातल्या सोळा वर्षांखालच्या मुलांना पालकांशिवाय बाहेर नेण्यावर बंदी आणली होती. हैतीत जानेवारी २०१० च्या भूकंपानंतर तीन आठवड्यांच्या आत दहा अमेरिकन स्वयंसेवकांना ३३ मुलांसह सीमेवर पकडलं. त्यातल्या बऱ्याच मुलांचे आईबाप जिवंत होते. त्या दहा जणांना आपण पुण्याचंच काम करतोय असं वाटत होतं.

मलाही काठमांडूत एका एजन्सीवाल्याने विचारलं होतं, "दिदी, शाळेत इतक्या लांब कशाला? इथे थमेलजवळच मुलं आहेत, उद्यापासून या." माझं नाव, गाव, ओळखपत्र काहीच त्याने विचारलं नाही. कुणाही अनोळखी माणसाला उद्यापासून मुलांमध्ये येऊ देणारी जागा मुलांसाठी सुरक्षित नसते. आपल्या घरातलं मूल आपण असं कुणाच्या ताब्यात देऊ का?

म्हणून चांगली संस्था ओळखण्याची सोपी खूण ही, की ती तुम्हाला त्रास देते. पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट मागते. ते पासपोर्ट सेवा केंद्रामार्फत मिळतं, वेळ लागू शकतो, आधीच अर्ज करा. मुलांशी वागण्याचे लेखी नियम वाचायला देऊन सही घेते: मुलाबरोबर एकट्याने बंद खोलीत थांबायचं नाही, मुलाला मुक्कामाच्या खोलीवर न्यायचं नाही, परवानगीशिवाय फोटो नाही. किमान मुदत सांगते. माझ्या मते दोन महिन्यांच्या खाली मुलांबरोबर थेट काम करूच नये. पैसे घेत असेल तर कशाचे ते फोड करून सांगते. आणि मुख्य म्हणजे तुम्हाला स्थानिक शिक्षकाच्या हाताखाली ठेवते, त्याच्या जागी नाही. ज्या गावात पगारावर शिक्षक नेमता येतो तिथे फुकट पाहुणा बसवला, तर एका घरातली चूल विझते.

दोन महिने नसतील तर? तर मुलांपासून थोडं लांब राहून काम करा, ते कमी प्रतीचं नव्हे. शिक्षकांची कार्यशाळा घ्यायला पाच दिवस पुरतात, अर्थात तुम्ही खरोखर शिक्षक असाल तर. बांधकाम येत असेल, हिशेब येत असेल, प्लंबिंग येत असेल, तर संस्था तुम्हाला हातोहात उचलतील. शाळेतल्या संडासाचा नळ चालू झाला की मोठ्या मुली शाळेत टिकतात. माझ्या दहा आठवड्यांत शाळेला सर्वांत उपयोगी पडलेला माणूस म्हणजे भक्तपूरहून आलेला एक सुतार. तो चार दिवसच होता.

कागदपत्रांचं थोडक्यात. भारतीयांना नेपाळचा व्हिसा लागत नाही. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र बरोबर हवं, आधार कार्डावर विमानात बसायला मिळेल या भरवशावर राहू नका. पण व्हिसा लागत नाही म्हणजे परवानगीही लागत नाही असं समजू नका. तुम्ही येताय हे शाळेची व्यवस्थापन समिती आणि गावपालिका दोघांनाही माहीत असायला हवं, आणि संस्था समाज कल्याण परिषदेशी संलग्न आहे का हेही विचारून घ्या. रेल्वेने मुंबईहून गोरखपूर, तिथून बसने सोनौली, सीमा ओलांडली की भैरहवा. घड्याळ पंधरा मिनिटं पुढे करा. आपला एक रुपया म्हणजे त्यांचा एक रुपया साठ पैसे, हा दर १९९३ पासून ठरलेला आहे, त्यामुळे हिशेब सोपा. जून ते सप्टेंबर डोंगरात दरडी कोसळतात, तेव्हा जाणं टाळा. नेपाळचं शालेय वर्ष वैशाखात, म्हणजे एप्रिलच्या मध्याला सुरू होतं. शाळेत काम करायचं तर तो काळ सोयीचा. पाणी उकळलेलंच प्या.

जेवणाच्या वेळा मात्र अंगवळणी पडायला दिवस लागतात. सकाळी फक्त चहा. दहाच्या आत पोटभर डाळ-भात, मग शाळा. दुपारी खाजा. खाजा म्हटल्यावर मालवणी खाजं डोळ्यांपुढे आणू नका, तिकडे दुपारच्या खाण्याला खाजा म्हणतात, मग ते चिवडा असो की भाजलेला मका.

भाषा हा आपला मोठा फायदा आहे आणि तिथेच आपण आपटतो. नेपाळी देवनागरीत लिहितात, त्यामुळे मराठी माणसाला पहिल्या दिवसापासून गोष्टीचं पुस्तक मोठ्याने वाचता येतं. मुलं तुमच्या उच्चारांना हसतील. हसू द्या, बाई चुकतात आणि आपण त्यांना सुधारतो यात मुलांना मोठी ताकद मिळते. पण हिंदीवर भागवू नका. हिंदीच्या सवयीने 'तू' म्हणायला जाल आणि तोंडातून 'तँ' निघेल, ते तिकडे फार उर्मट वाटतं. मुलांनाही 'तिमी' म्हणा, मोठ्यांना 'तपाईं'. 'भाइ' म्हणजे धाकटा भाऊ. पन्नाशीच्या मुख्याध्यापकांना आपल्या सवयीने 'भाई' म्हणालात तर ते काही बोलणार नाहीत, पण तुम्ही त्यांना लहान करून टाकलेलं असेल. 'दाइ' म्हणा, किंवा सरळ 'सर'. आणि मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांतून दिसेल त्या नेपाळी माणसाला 'बहादूर' म्हणायची जी खोड आपल्याला आहे, ती सोनौलीच्या अलीकडेच ठेवून जा. वर्गातल्या निम्म्या मुलांचे बाप भारतात किंवा आखातात कामाला असू शकतात.

भारतीय म्हणून आणखी एक गोष्ट वाट्याला येते, तिची तयारी ठेवा. भूकंपानंतर आपली मदत सर्वांत आधी पोचली. पण आपल्या काही टीव्ही वाहिन्यांनी ज्या पद्धतीने ढिगाऱ्यातल्या माणसांपुढे माइक धरले, त्यावरून दहा दिवसांत नेपाळी लोकांनी 'भारतीय मीडिया, घरी जा' अशी मोहीम समाजमाध्यमांवर चालवली. पुढे सप्टेंबर २०१५ ते फेब्रुवारी २०१६ सीमेवर नाकेबंदी झाली. आम्ही काही अडवलं नाही, असं भारत सरकार म्हणत होतं. नेपाळमध्ये ते कुणाला पटत नव्हतं. मी होते तेव्हा शाळेतला गॅस संपलेला, चहा लाकडावर. चौथीतल्या एका मुलाने भर वर्गात उभं राहून मला विचारलं, "मिस, तपाईंहरूले ग्यास किन रोक्नुभयो?" तुम्ही लोकांनी गॅस का अडवला? मी सीमेलगतच्या मधेश पट्ट्यातलं आंदोलन, राज्यघटना वगैरे समजावायला तोंड उघडलं आणि मिटलं. त्याच्या घरी गॅस नव्हता हे खरं होतं. "मलाई थाहा छैन," मी म्हटलं, मला माहीत नाही. मग त्याच्या घरी सरपण कोण आणतं ते विचारलं. तो आणत होता, शाळेआधी, रोज. त्यावर आम्ही बराच वेळ बोललो.

निरोपाचं शेवटी. येण्याच्या दिवसाइतकीच जाण्याच्या दिवसाची तयारी करावी लागते, कारण या मुलांची माणसं एकदा अचानक नाहीशी झालेली आहेत. पहिल्याच आठवड्यात सांगा की मी अमुक तारखेला जाणार. भिंतीवर कॅलेंडर लावा, तेही विक्रम संवताचं, त्यांच्या घरात तेच असतं. शेवटच्या पंधरवड्यात तुम्ही करत असलेलं एकेक काम वर्गबाईंच्या हातात परत देत जा. "मी पुन्हा येईन" हे तिकीट काढलेलं असेल तरच म्हणा. जाताना खाऊ-खेळणी वाटण्याचा सोहळा नको. जे द्यायचं ते शाळेच्या नावाने, मुख्याध्यापकांकडे, पावती घेऊन. मुलांचे फोटो फेसबुकवर टाकू नका. टाकलेत आणि शाळेचं, गावाचं नाव लिहिलंत, तर कोणत्या डोंगरात कोणतं मूल बापाविना आहे याची जाहिरात तुम्ही दलालासाठी करून ठेवलीत. मूल धोक्यात दिसलं तर नेपाळमध्येही बालसाहाय्याचा क्रमांक १०९८ च आहे, लक्षात ठेवायला सोपा.

त्या तीन फोनचं काय झालं? एकीने संस्थेला पैसे पाठवले, ते कामी आले. जी रागावली होती ती दिवाळीत गेली नाही आणि पुन्हा कधी बोललीही नाही. तिसरीने मात्र तिच्या सोसायटीच्या वॉचमनला पहिल्यांदाच गाव विचारलं. गाव जाजरकोटलाच लागून असलेल्या रुकुम पश्चिममधलं निघालं. घर पडलेलं, म्हातारी आई तिकडे, परतीच्या भाड्याला पैसे नाहीत, आणि दोन मुलं इथे महापालिकेच्या शाळेत मराठी वाचताना अडखळणारी. तिने भाड्याचे पैसे दिले आणि रोज संध्याकाळी त्या दोघांना मराठी शिकवायला लागली. वॉचमनची बायको तिला नेपाळी शिकवते. एप्रिलची वाट न बघता तुम्हालाही हे आज संध्याकाळी सुरू करता येईल. गेटपाशी जा आणि आधी त्याचं नाव विचारा.